जंगलातल्या नदीवर ट्राउटसाठी निघताना: आधी थर्मामीटर

थर्मामीटर. पिशवी भरण्याआधी तो शोधा, जाकिटाच्या आतल्या खिशाला दोरीनं बांधा आणि मगच बाकीच्या सामानाला हात लावा. मागच्या उन्हाळ्यात माझ्याजवळ चार डझन फ्लाय होत्या (पिसं आणि धागा गुंडाळून किड्यासारखे केलेले गळ), दोन रॉड होते (मासे धरायच्या लवचिक काठ्या), बुटांच्या सुट्या नाड्यासुद्धा होत्या. थर्मामीटर टेबलावर राहिला होता. त्यापायी दोन ट्राउट, गार पाण्यातले मासे, माझ्या हातून विनाकारण मेले. पुन्हा तसं होऊ नये, माझ्याकडूनही आणि तुमच्याकडूनही, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

परवाना, टोपी, प्यायचं पाणी, खाणं, पावसाचं जाकीट, मलमपट्टी. यावर वेळ घालवत नाही. परवाना काढताना त्या नदीचे नियम मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा: कोणत्या तारखांना नदी बंद, किती लांबीच्या आतला मासा सोडायचा, गळाला उलटा काटा चालतो का, उन्हाळ्यात दुपारची बंदी आहे का. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो, रेनबो ट्राउट बहुतेक ठिकाणी वसंतात, आणि बंदीच्या तारखा बहुधा त्याच हिशेबानं ठरलेल्या असतात.

रॉड आखूड घ्या. सात ते साडेसात फूट, तीन किंवा चार नंबरच्या लाईनचा (लाईन म्हणजे फ्लाय फेकायची जाड दोरी, नंबर तिच्या वजनाचा). मोठ्या नदीवरचा नऊ फुटी रॉड इथं फांद्यांत अडकत राहतो. जंगलातली छोटी नदी म्हणजे दोन्ही काठांवरून झाडं ओणवलेली, लाईन मागं फेकायला जागाच नाही. नेहमीचा कास्ट, म्हणजे लाईन फेकायची पद्धत, तिथं फारसा कामाचा नाही. रोल कास्ट यायला हवा, लाईन हवेत मागं न नेता पाण्यावरूनच पुढं उलगडत टाकायची तो. आणि बो-अँड-ॲरो कास्ट: फ्लाय चिमटीत धरून मागं ओढायची, रॉड धनुष्यासारखा वाकला की सोडायची. धरताना गळाच्या बाकाला धरा, टोक बोटापासून दूर. निघायच्या आधी आठवडाभर रोज दहा मिनिटं हा कास्ट अंगणात, गच्चीत, कुठंही करून बघा. नदीवर गेल्यावर शिकू म्हणाल तर पहिला तास फांद्यांतून फ्लाय सोडवण्यात जाईल आणि तोच तास सगळ्यात चांगला असतो.

लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला जोडायचा निमुळता दोरा, साडेसात फुटी पुरे. त्याच्या टोकाचा बारीक दोरा, ज्याला फ्लाय बांधतात, तो टिपेट: ४एक्स आणि ५एक्स. या आकड्यांचा हिशेब सोपा आहे: अकरातून एक्सचा आकडा वजा करा, उरतील तितके हजारांश इंच दोऱ्याची जाडी. म्हणजे ५एक्स सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. पुष्कळ जण याहून बारीक, ७एक्सवर मासा धरण्यात कौशल्य मानतात. मला ते अजिबात पटत नाही. दोरा नाजूक, म्हणून ओढायची भीती, म्हणून झुंज लांबते आणि मासा पार दमतो. पाणी तापलेलं असेल तर तो दमलेला मासा सोडल्यावरही जगेलच असं नाही. आणि पाणी तापलंय का, हे सांगणारी एकच वस्तू आहे. बांधला का खिशाला?

फ्लायचा डबा एकच न्या, छोटा. अशा नदीत अन्न तुटपुंजं आणि प्रवाह जोराचा, त्यामुळे माशाला निरखून बघायला सवड नसते. समोरून गेलं ते धरायचं, नाहीतर घालवायचं. म्हणून हुबेहूब नकलेपेक्षा फ्लाय नीट तरंगणं आणि तुम्हाला दिसणं महत्त्वाचं. ॲडम्स नावाची फ्लाय, गळाचा नंबर १४ आणि १६. १९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पहिल्यांदा बांधली गेलेली ही फ्लाय कुठल्याच एका किड्यासारखी नाही आणि थोडीथोडी बऱ्याच किड्यांसारखी आहे, तेच तिचं बळ. खळाळत्या पाण्यासाठी एल्क हेअर कॅडिस ही फ्लाय, ती बुडता बुडत नाही. पाण्याखाली फेझंट टेल निंफ, पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल. इंग्लंडमधल्या नदीरक्षक फ्रँक सॉयरनं ती धाग्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेनं बांधली. तारेनं वजनही येतं आणि अंगाला ती तांबूस झाकही येते, इतकी साधी आणि इतकी पुरेपूर विचार केलेली दुसरी फ्लाय मला माहीत नाही. शिवाय काळी मुंगी आणि भुंगेरा, हे नक्की. उन्हाळ्यात जंगलातल्या नदीवर अर्धं जेवण झाडांवरून टपकत असतं, तरी लोक डबे भरभरून पाण्यातले किडे नेतात आणि मुंगी नेत नाहीत. फ्लाय तरंगती ठेवायचं मलम, दोरा कापायची कात्री, झालं.

पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरची चकाकी जाऊन तळ आणि मासा दिसतो, हे एक. दुसरं, फांदीत अडकलेली फ्लाय ओढली की सुटून सरळ तोंडावर येते. चष्म्याशिवाय डोळा गमावण्याचा धोका खरा आहे. चष्मा नसेल तर रॉड जोडू नका.

बूट रबरी तळाचे, खिळे असतील तर उत्तम. फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या जाड नमद्याचे तळवे शेवाळलेल्या गोट्यांवर छान पकड धरतात, पण ओल धरून ठेवतात आणि ओलीबरोबर एका नदीचं शेवाळ दुसऱ्या नदीत नेऊन सोडतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. पाण्याच्या एका थेंबातूनही ते पसरू शकतं. २००८ साली त्या देशानं फेल्टवर बंदी घातली. तुमच्याकडे बंदी नसली तरी ते बूट घरीच ठेवा. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घालणार असाल तर कमरेचा पट्टा घट्ट आवळा, पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. पाण्यात आधाराला काठी एक.

गळाचा उलटा काटा चिमट्यानं घरीच दाबून टाका, सगळ्या फ्लायचा, एका बैठकीत. कापडात टोचून बघा. अडकला तर अजून दाबा. तोच लांब तोंडाचा चिमटा बरोबर घ्या. जाळी रबराची, कारण गाठींच्या नायलॉनच्या जाळीनं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि तो थर गेला की बुरशी लागायला वाट मिळते.

आता थर्मामीटरचं नीट सांगते, कारण कितीही वेळा सांगितलं तरी तो राहतोच. त्या दिवशी मलाही वाटलं होतं की नसला म्हणून काय बिघडतं. झाडांखाली गारवा होता. पाण्यात हात घातला तर पाणी गार लागलं. इथंच फसगत होते. आपल्या हाताची कातडी तिशीच्या पुढच्या तापमानाची, तिला २० अंशांचं पाणीही गारच वाटणार. ट्राउटला मात्र तेच पाणी सोसवेनासं व्हायला लागतं. शिवाय ती नदी जंगलात शिरण्याआधी मैलभर उघड्या कुरणातून, उन्हात तापत आली होती. सावली माझ्या डोक्यावर होती, पाणी आधीच तापलेलं होतं.

चार वाजले होते. नदीत कुठंच हालचाल नव्हती. मग बाजूनं एक हातभर रुंदीचा झरा येऊन मिळत होता तिथं पोचले आणि बघते तर तेवढ्या जागेत दाटीवाटीनं मासे. पंधरा मिनिटांत तीन धरले. मला वाटलं, आज नशीब उघडलं. तिसरा सोडला तो कुशीवर कलंडला. प्रवाहाकडे तोंड करून त्याला कितीतरी वेळ दोन्ही हातांत उभा धरला, कल्ले हलायचे, मग थांबायचे, मग पुन्हा थोडे हलायचे. शेवटी हललेच नाहीत. परत फिरताना खालच्या उथळात दुसरा दिसला, पोट वर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी थर्मामीटर घेऊन गेले. नदी २२ अंश, झऱ्याचं तोंड १५. ते मासे तिथं चरायला नव्हे, जीव वाचवायला आले होते आणि मी त्यांना तिथून ओढून काढून त्या तापलेल्या पाण्यात दमवत होते.

कारण सरळ आहे. पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना साधारण ९.१. आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. म्हणून माझा नियम: १० ते १६ अंश, खुशाल मासे धरा. १८ च्या पुढं गेलं की दर अर्ध्या तासानं मोजा आणि माशाशी झुंज लांबवू नका. २० ला रॉड सुटा करा. एक मासा अजून, असं नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदी फार तापली की दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात. तुमच्या नदीवर कुणी बंद करत नसेल तर ते काम तुमचं आणि तुमच्या खिशातल्या थर्मामीटरचं. मोजायचं कुठं, तेही सांगते. काठच्या उन्हातल्या उथळात नाही, झऱ्याच्या तोंडाशी नाही. वाहत्या धारेत, सावलीत, वीतभर खोल, पूर्ण मिनिटभर. धातूच्या नळीतला थर्मामीटर घ्या, नुसत्या काचेचा गोट्यावर आपटून पहिल्याच दिवशी फुटतो. उजाडताना पाणी सगळ्यात गार असतं, उशिरा दुपारी सगळ्यात तापलेलं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघा आणि दुपार गाठण्याआधी परता. तापलेल्या दिवशी झऱ्याच्या तोंडाशी मासे दाटलेले दिसले तर काठावर बसून बघा, हवं तितका वेळ बघा. रॉड जोडू नका.

नदीवर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. आधी थर्मामीटर, मग दहा मिनिटं नुसतं बघणं. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर चढत जा, त्याच्या पाठीमागून. पाण्याबाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या कोनातून. काठालगत बुटकं असेल ते त्या खिडकीच्या कडेला चेपून पुसट होतं. त्यामुळे वाका, गुडघ्यांवर चाला, झाडाचं खोड पाठीशी ठेवा. कपडे मळकट हिरवे-तपकिरी. डोहाच्या शेपटीपासून, म्हणजे खालच्या टोकापासून सुरुवात करा, सरळ वरच्या धारेला फ्लाय टाकली की मधले सगळे पळतात आणि पळताना वरच्यांनाही उठवतात. तळाच्या खडीत एखादा स्वच्छ, फिकट, खरवडल्यासारखा पट्टा दिसला तर तिथं अंडी असू शकतात, पाय ठेवू नका.

मासा लागला की पटकन आणा. हात ओले करा, मगच शिवा. कल्ल्यांत बोट नाही, पोट दाबायचं नाही, गळ पाण्यातच काढा. फोटो काढायचाच तर आधी सगळी तयारी, मग मासा क्षणभर वर. १९९२ साली कॅनडातल्या संशोधकांनी दमवलेल्या रेनबो ट्राउटवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुसते दमवलेले १२ टक्के मेले, दमवून अर्धा मिनिट हवेत धरलेले ३८ टक्के, पूर्ण मिनिट धरलेले ७२ टक्के. हे आकडे वाचल्यापासून मी फोटो काढणं जवळजवळ सोडलं आहे. गळ खोल गिळला असेल तर उपसू नका, टिपेट कापा.

निघताना कापलेले दोऱ्याचे तुकडे खिशात. बूट, जाळी, वेडर जागेवरच घासून चिखल काढा, घरी धुवा, पूर्ण वाळवा, शिवणीसुद्धा. दुसऱ्या नदीवर ओलं सामान न्यायचं नाही. फ्लाय डब्यात ओल्या ठेवू नका, गंजतात. लाईन पुसा. त्या दिवशीची तापमानं वेळेसह वहीत टिपून ठेवा, पुढच्या वर्षी किती वाजता परतायचं ते त्यावरून ठरवता येतं. जाळी आणि बूट उन्हात राहू द्या. थर्मामीटर मात्र उन्हात नको आणि टेबलावर तर नकोच. पुसून लगेच जाकिटाच्या त्याच खिशात, दोरी तशीच बांधलेली.