साल्व्हिया थंडीने नाही, तुंबलेल्या पाण्याने मरतो

दरवर्षी परत फुटणारा साल्व्हिया हे फुलझाड लावायचं असेल तर आधी माती बघा, फुलांचा रंग नंतर. हिवाळ्यात झाड गेलं की सगळे थंडीला बोल लावतात, पण साल्व्हिया नेमोरोसा ही मऊ दांड्यांची जात उणे 30 अंशातही तग धरते, तिला मारतं ते मुळाशी साचलेलं पाणी. खड्डा खणून बादलीभर पाणी ओता, तासाभराने पण ते तसंच दिसलं तर जागा बदला किंवा वाफा उंच करून त्यात बारीक खडी आणि कुजलेलं कंपोस्ट मिसळा. दिवसाला किमान 6 तास ऊन हवंच. दोन रोपांत 45 सेंमी अंतर सोडा, पहिल्या वर्षी नियमित पाणी द्या, नंतर माती सुकली तरच. खत जपून हं, नायट्रोजन जास्त झालं की नुसता पाला माजतो आणि दांडे आडवे पडतात.

आता छाटणी, इथेच खरी गडबड होते कारण सगळे साल्व्हिया एकाच पद्धतीने कापून चालत नाहीत. नेमोरोसा, म्हणजे त्याचे कॅराडोना किंवा जर्मन रोपतज्ज्ञ कार्ल फोर्स्टर यांचा 1956 चा मे नाइट असे वाण, यांचा पहिला बहर उतरला की वाकून बुडाशी बघा, जमिनीलगत कोवळ्या पानांचे झुपके आलेले असतात, त्यांच्या जरा वर सगळे दांडे बिनधास्त कापा, काही आठवड्यांत दुसरा बहर येतो. मन होत नाही कापायला, पण कापाच!

हॉट लिप्स या लाल-पांढऱ्या फुलांच्या वाणासारखे काष्ठमय, म्हणजे लाकडी खोडाचे साल्व्हिया मात्र हिवाळ्याआधी अजिबात कापू नका, जुन्या फांद्याच त्यांना थंडीत सांभाळतात, कडाक्याची थंडी सरली आणि नवे कोंब दिसले की त्या कोंबांच्या वर कापा, जुन्या कोरड्या लाकडात कात्री घालू नका, तिथून बहुतेक फुटत नाही. हॉट लिप्सची फुलं ऐन उन्हाळ्यात नुसती लाल आली तर घाबरू नका, हवा थंड झाली की लाल-पांढरी परत येतात.

आणि बहरात एकदा मधमाशी जवळून बघाच, ती आत घुसली की पुंकेसर वरून खाली झुकून तिच्या पाठीला पराग लावतो, काय सुंदर रचना आहे! म्हणूनच फुलांवर औषध फवारू नका.

नेमोरोसाचा गड्डा 3-4 वर्षांनी मधून विरळ झाला की वसंतात उकरून विभागा, कडेचे जोमदार तुकडे लावा, मधला जून भाग टाकून द्या. काष्ठमय जातींच्या कळ्या नसलेल्या कोवळ्या फांद्यांचे 8-10 सेंमीचे तुकडे घ्या, खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचा आणि सावलीत ठेवा.