अनंताची पानं पिवळी पडली? खताच्या आधी पाणी बघा

अनंत लावण्यात काही अवघड नाही. बारा-चौदा इंची कुंडी, तळाची भोकं मोकळी, सकाळचं चार-पाच तास ऊन आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली. एकेरी घ्यायचा की डबल, हे तुमच्या आवडीवर. बाल्कनी लहान असेल तर बुटका घ्या.

माती : दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. आणि लाल दिसली म्हणजे माती आम्ल आहे, असं धरून चालू नका.

खरी परीक्षा काही महिन्यांनी सुरू होते. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे दिसलं की लोक अंड्याची टरफलं घाला, राख घाला, केळीच्या सालींचं पाणी घाला असं सांगू लागतात. टरफलं आणि राख तर अनंताच्या कुंडीजवळही आणू नका. दोन्हींनी माती आणखी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) होते, आणि झाडाचं मूळ दुखणं तेच आहे.

अनंताला साधारण 5 ते 6.5 पीएचची, म्हणजे आम्लाकडे झुकणारी माती लागते (पीएच 7 च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी). पीएच 7 च्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे सरकत नाही, म्हणून आधी शेंडाच पिवळा पडतो. (खालची जुनी पानं अख्खी पिवळी होऊन गळत असतील तर ते वेगळं. माती सतत ओली राहते आहे का, किंवा नत्र कमी पडतंय का, ते तपासा. नव्या पालवीच्या आधी थोडी पानगळ चालायचीच.)

हा पीएच चढवतं कोण? बहुतेक वेळा बोअरचं किंवा टँकरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की आणखी पुरावा नको. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत, पावसाच्या पाण्यावर परसातला अनंत कुणी ढुंकून न बघताही वाढतो. त्याचीच फांदी सोलापुरात बोअरच्या पाण्यावर वाढवायची तर रोज लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून आधी पाणी बदला. पागोळीचं साठवलेलं चालेल, एसीचं ठिबकणारंही चालेल. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र मुळीच नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात, आणि ‘पाणी वाचवा’ म्हणून नेमकं तेच झाडांना घातलं जातं. बोअरशिवाय इलाज नसेल तर दहा लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून द्या. हा तात्पुरता उपाय आहे. मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात.

मग लोह. हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं मातीत टाकू नका. अल्कधर्मी मातीत ते लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि पैसे फुकट जातात. चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूत बांधलेलं, म्हणून विरघळलेलंच राहणारं) घ्या आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघूनच घ्या. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ पीएच 6.5 च्या वर फारसं टिकत नाही. मात्रा पाकिटावरची, त्यात आपली भर नको. हिराकसच वापरायचं असेल तर फवारा : लिटरला 5 ग्रॅम, सोबत 1 ग्रॅम लिंबूसत्त्व, तेही संध्याकाळी. जास्त झालं तर पानं करपतात, आणि फरशीवर पडलेले तांबूस डाग घासून निघत नाहीत.

जूनच्या सुरुवातीला सपाट चमचाभर गंधक मातीत मिसळा. जिवाणू त्याचं आम्ल करतात, पण त्याला काही महिने जातात. या सगळ्याचा हिशेब नव्या पालवीवर करा. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होण्याची वाट बघत बसू नका.

कळ्या धरल्या की कुंडी हलवायची नाही, आणि माती एकदा कोरडी ठक्क, एकदा चिखल असं होऊ द्यायचं नाही. कळ्या गळतात त्या बहुतेक यामुळेच.

छाटणी बहर संपला की लगेच. उशीर केलात तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील. फांद्या जुलैत लावा, जगतात.

पिठ्या ढेकूण दिसला की पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. पानं एका रात्रीत फस्त झाली तर शेपटीवर शिंग असलेली हिरवी अळी शोधा. पानांच्याच रंगाची असते, पटकन सापडत नाही. आधी खाली पडलेल्या काळ्या लेंड्या बघा, अळी त्यांच्या बरोबर वरच्या फांदीवर असते.