पावसाळ्यातले पहिले बाळंतपण: कोकणातल्या घराने करायची तयारी

ज्या जोडप्याचे पहिले बाळ आषाढ-श्रावणात यायचे आहे, त्याने कोकणात तयारीची सुरुवात झबल्या-टोपड्यांपासून न करता रस्त्यापासून करावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्यामुळे एरवी अर्ध्या तासावर असलेले रुग्णालय, साकवावरून पाणी गेले किंवा रस्त्यात झाड आडवे पडले, की एखाद्या रात्री दोन-तीन तासांवर जाते. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असते, तरी त्याचा हिशोब आधी मांडून ठेवणारी घरे थोडीच.

मे महिना संपण्यापूर्वी नवरा-बायकोने घराच्या पायरीपासून रुग्णालयाच्या दारापर्यंतची वाट एकदा त्याच नजरेने पाहावी. गाडी जिथे थांबते तिथून घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वर असेल, तर पाखाडीवरचे शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम पावसाच्या पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा एकदा करावे लागते, कारण चिऱ्यावर शेवाळ लगेच धरते. कळा सुरू झालेल्या बाईला ओल्या पायऱ्या उतरायला लावण्यापेक्षा खुर्चीवरून नेणे बरे. त्यासाठी दणकट हातांची लाकडी खुर्ची आधीच हेरून ठेवावी आणि शेजारच्या कोणत्या चार जणांनी ती धरायची हे त्यांना सांगून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते, परंतु वीज गेल्यावर काही वेळाने मोबाइलची रेंजही जाते, म्हणून वेगळ्या कंपनीचे कार्ड असलेला एखादा शेजारी आणि रात्री उठून येतील असे दोन गाडीवाले ठरलेले असावेत. दोन अशासाठी, की एक नेमका त्याच दिवशी भाडे घेऊन गेलेला असतो.

निघायचे कधी, हेही डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावे. पहिल्या खेपेला कळा साधारण पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघा, असे बहुधा सांगितले जाते; लांबच्या वाडीतून मात्र त्याच्या बरेच आधी निघणे शहाणपणाचे. पाणी जाणे, रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर कळांची वाट न पाहता तत्काळ निघावे. रक्तदाब वाढलेला असेल, जुळे असेल किंवा बाळ पायाळू असेल, तर शेवटचे दोन-तीन आठवडे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे राहायला जावे. पहिले बाळंतपण माहेरी ही रीत चांगली आहे, पण माहेर नदीपलीकडे असेल आणि सासर रुग्णालयाजवळ, तर आईलाच इकडे बोलावून घ्यावे, आणि त्यात कोणी मानापमान पाहू नये. मातेचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास तो कार्डावर ठळक लिहिलेला आहे ना ते पाहावे, कारण बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते.

नवरा मुंबईला नोकरीत असेल, तर त्याने ‘फोन आला की निघतो’ हा बेत सोडून द्यावा. पावसाळी वेळापत्रक लागले की कोकण रेल्वेच्या गाड्या धिम्या होतात, आणि बाळाची तारीख गणपतीच्या आसपास असेल तर तिकीट मिळणेच कठीण. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे थोडी असतात, त्यामुळे मोजकी रजा तारखेच्या आधी वाट पाहण्यात संपवण्यापेक्षा तिचा मोठा भाग बाळ घरी आल्यानंतरच्या दिवसांसाठी राखावा. त्या दिवसांत रात्री उठून लंगोट बदलणे, ढेकर काढणे आणि बाळंतिणीला वेळेवर गरम पेज देणे ही कामे पुरुषाला उत्तम जमतात, जमत नाहीत असे फक्त न करणाऱ्यालाच वाटते.

घरात खोली निवडताना माजघरापेक्षा जिथे खिडकी आहे आणि भिंतीला ओल येत नाही ती खोली घ्यावी, न्हाणीघर जवळ असल्यास उत्तम. पाळणा भालाला, म्हणजे छताच्या आडव्या तुळईला, टांगणार असाल तर गेल्या पिढीचा दोर न वापरता नवा घ्यावा आणि कडीला आधी तांदळाची अर्धी गोण लावून भार पाहावा. मच्छरदाणी हवीच, आणि पाळणा भिंतीला व पडद्याला चिकटून नसावा, कारण पावसात विंचू-किरडू घरात येते.

खरा प्रश्न लंगोटांचा असतो. दिवसाला पंधरा-वीस लंगोट आणि चार-पाच दुपटी सहज लागतात, आणि सलग झडीत पडवीतल्या दोरीवर ती दोन दोन दिवस दमट राहतात. शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर कपडे पसरण्याची आपल्याकडची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे, फक्त शेगडी बाळाच्या खोलीत नको. ओवा-वावडिंगाची धुरी घरच्या आजींना कितीही प्रिय असली, तरी नवजात बाळाच्या छातीला धूर सोसत नाही, त्यामुळे धुरी कपड्यांनाही न देणे चांगले आणि बाळाला तर देऊच नये. लंगोट वाळला की नाही हे मधल्या कापडावरून कळत नाही. नाडीची शिवण गालाला लावून पाहावी, गार लागली तर आत ओल आहे. अशा कपड्यांवरून गरम इस्त्री फिरवूनच ते घडी करावेत. घडी पुरती कोरडी नसताना प्लास्टिकच्या डब्यात ठेवली तर कुबट वास येतो.

जेवणाचा विचार किनाऱ्यावर माशांशिवाय होत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीची मासळी आणि सुके यांवरच घर चालते; पण सुकट-बोंबलांत मीठ फार, म्हणून रक्तदाब असलेल्या गरोदर बाईने ते बेतानेच खावे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची रीत इथे जुनी आहे. मोरी म्हणजे शार्कच, आणि शार्कच्या अंगात पारा साठतो, तेव्हा गरोदरपणी आणि अंगावर पाजताना ती टाळून तारली, मांदेली, बांगडा यांवर भर द्यावा. उकड्या तांदळाची पेज, नाचणी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला आणि बाळंतपणानंतर अळिवाची खीर हे सगळे घरचेच आहे आणि पुरेसे आहे. गरोदरपणात लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. विहिरीचे पाणी गढूळ झाले की उकळूनच प्यावे, आणि लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसच्या भयाने गरोदर बाईने शेताच्या चिखलात उतरू नये.

बाळ जन्मले की पहिल्या तासाभरात अंगावर घ्यावे आणि चीक द्यावा. मध, गुटी, साखरपाणी यांपैकी काहीही बोटाने चाटवू नये, सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. नाळेला हळद वा तेल न लावता ती कोरडी ठेवावी. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळे दिसले, दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. बाळंतिणीला तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव होत असेल तर तिलाही लगेच न्यावे. रुग्णालयात बाळंतपण झाल्यास आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. त्यांना ओटीवरूनच चहा देऊन पाठवू नये, बाळ दाखवून वजन करून घ्यावे.

पाहुण्यांबाबत सोयराची रूढी कारणे काहीही देवो, पहिले दहा दिवस घरात गर्दी होऊ देत नाही हा तिचा गुण मोठा आहे. ज्यांना सोयर मान्य नाही त्यांनीही तेवढे दिवस पाहुणे थांबवावेत. खळ्यातल्या घागरीवर पाय धुऊन घरात येण्याच्या सवयीत साबणाने हात धुण्याची भर घालावी, आणि बाराव्या दिवसाचे बारसे पावसात मोठे न करता घरच्या घरी उरकावे.

कागदपत्रांपैकी जन्मनोंद २१ दिवसांत व्हावी लागते. नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही, ते वर्षभरात विनाशुल्क भरता येते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेसाठी आणि पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा आईवडिलांच्या नावांची अक्षरे आधारकार्डाशी ताडून पाहावीत. पहिल्या अपत्यासाठी पात्र मातेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडीत करावा. दीड महिन्याच्या लसींचा दिवस मुसळधार पावसाने हुकला तर घाबरू नये, पुढच्या सत्राला ती लस मिळते. फक्त मातेचे व बाळाचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावे.