शुभंकरांसाठी सजगता आणि आत्मकरुणा : या चुका टाळा

घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाची विनामोबदला काळजी घेणाऱ्यांना आपल्याकडच्या स्वमदत गटांत शुभंकर म्हणतात आणि आजारी व्यक्तीला शुभार्थी. अशा गटांच्या मासिक सभांमध्ये मी बरीच वर्षे सजगतेची (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे घडते आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे) आणि आत्मकरुणेची (स्वतःशी मायेने वागणे) सत्रे घेत आले आहे. हा सराव उपयोगी पडतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्याच त्या चुकांमुळे माणसे दोन-तीन सभांनंतर येईनाशी होतात आणि जाताना 'मला ध्यानसुद्धा जमत नाही' हा एक नवा कमीपणा सोबत नेतात, हे पाहून फार वाईट वाटते. पुढचे लेखन शुभंकरांसाठी आहे, तितकेच त्यांच्यासाठी सत्रे घेणाऱ्या स्वयंसेवकांसाठीही आहे.

सरसकट सर्वांना श्वासाकडे पाहायला सांगणे

ही शिकवणाऱ्यांची चूक आहे आणि सर्वांत जास्त नुकसान हीच करते. नवा स्वयंसेवक डोळे मिटायला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो, कारण तो स्वतः तसेच शिकलेला असतो.

आमच्या सभेला साठीच्या एक ताई येत असत. त्यांच्या यजमानांना फुप्फुसाचा जुनाट आजार होता आणि घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस घरघरत असे. यजमानांच्या श्वासाची लय जराशी बदलली तरी ताई झोपेतून उठून बसत, त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत आणि आकडा खाली आलेला दिसला की पाठीशी उशा रचून त्यांना बसते करत. एका सभेत पाहुण्या स्वयंसेवकाने सगळ्यांना डोळे मिटून श्वास न्याहाळायला सांगितले. थोड्याच वेळात ताईंचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला आणि पदराचा बोळा मुठीत आवळून त्या बसून राहिल्या. स्वयंसेवकाने जवळ जाऊन हलक्या आवाजात सांगितले, "जे येतंय ते येऊ द्या ताई, टिकून राहा, निघून जाईल." त्या टिकून राहिल्या, कारण सांगितलेले निमूटपणे पार पाडण्याची सवय शुभंकरांच्या अंगवळणी पडलेली असते. त्या रात्री घरी आपलाच श्वास कोंडतो आहे असे वाटून त्यांची इतकी घाबरगुंडी उडाली की शेजाऱ्यांना बोलवावे लागले. त्यानंतर कितीतरी महिने त्या सभेकडे फिरकल्या नाहीत.

ज्या बाईला श्वास म्हणजे रात्रभराचा पहारा झाला आहे, तिला श्वासापाशी विसावा मिळण्याची अपेक्षाच चुकीची आहे. लक्ष टेकवायला श्वासच हवा असा काही नियम नाही. मी सत्र सुरू करताना डोळे उघडे ठेवायला, नजर जमिनीकडे झुकवायला आणि तळपाय फरशीला नीट टेकवायला सांगते. त्यानंतर फरशीचा गारवा, बाहेरच्या रस्त्यावरचे आवाज, मांडीवर ठेवलेल्या हातांचे वजन यांपैकी जे सोसेल ते ज्याचे त्याने निवडावे. छाती धडधडू लागली, घाम आला, तर टिकून राहायचे नाही. तिथेच थांबायचे, मान वर करून खोलीभर नजर फिरवायची, दिसतील त्या चार वस्तूंची नावे मनात घ्यायची आणि पाणी प्यायचे. 'टिकून राहा' हा सल्ला अनुभवी साधकाला त्याच्या गुरूच्या देखरेखीखाली देणे वेगळे, आणि रात्रीची झोप झालेली नसलेल्या माणसाला भर सभेत देणे वेगळे. दोन दिवसांचे ऑनलाइन शिबिर करून तिसऱ्या दिवशी शिकवायला निघालेल्यांना हा फरक कळत नाही आणि कळेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारीही नसते.

पुढे ताई परत आल्या. त्यांना अखेर जमले ते कपडे पिळताना. पिळाबरोबर मनगटावरून ओघळणारे गार पाणी आणि हळूहळू हलका होत जाणारा टॉवेल, एवढ्याकडेच त्या लक्ष देत. एक टॉवेल पिळून होईपर्यंतचा तो सराव होता आणि तो त्यांना पुरत होता.

मदतीच्या जागी ध्यान सुचवणे

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेवर आधारित ताण-निवारणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचा प्रचलित आराखडा आठ आठवड्यांचा आहे : दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचे सत्र आणि घरी रोज साधारण ४५ मिनिटांचा सराव. हा कार्यक्रम जुनाट दुखण्यांनी आणि ताणाने त्रासलेल्या रुग्णांसाठी रचलेला होता, त्या रुग्णांची उस्तवार करणाऱ्यांसाठी नव्हता, हे लक्षात न घेता तो जसाच्या तसा शुभंकरांसमोर ठेवला जातो. जिला बेडसोअर होऊ नयेत म्हणून सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे आहे आणि मधल्या वेळात डायपर, स्पंजिंग, नळीतून द्यायचे पातळ अन्न आणि मुलांचा डबा आहे, तिने ४५ मिनिटे आणायची कुठून? पहाटे साडेचारला उठून ध्यान करणारे शुभंकर मी पाहिले आहेत. झोपेच्या उरल्यासुरल्या तासातून कापलेला हा वेळ पंधरवड्यातच दुखणे होऊन परत येतो.

नातेवाइकांकडून येणारा ठरलेला सल्ला म्हणजे, "एकदा इगतपुरीला जाऊन ये, सगळं हलकं होईल." इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रावर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आहेत आणि त्यांनी असंख्य लोकांना आधार दिला आहे, पण ते दहा दिवसांचे मौन आहे, फोन जमा करावा लागतो, आणि घरी शुभार्थीजवळ भरवशाचे माणूस नसेल तर ते दहा दिवस काळजीतच जातात. हा सल्ला देणाऱ्याने त्या दहा दिवसांची शुश्रूषा स्वतः अंगावर घ्यावी, तरच तो द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर न घेण्याचा सल्ला ती संस्था स्वतःच देते, तेव्हा शुभंकराची स्वतःची प्रकृती तशी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

सभेला नवीन आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, "आत्ता घरी कोण आहे?" उत्तर जर "कोणी नाही, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून आलेय" असे असेल, तर त्या दिवशी मी ध्यानाचे नावही काढत नाही. आम्ही कागद घेऊन बसतो आणि कोणाकडून नेमके काय मागायचे ते लिहितो. 'जमेल तशी मदत कर' या वाक्याला कोणीही हो म्हणतो आणि कोणीही येत नाही. "शनिवारी चार ते सात बाबांजवळ बसशील का?" या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही म्हणावेच लागते. ब्युरोमार्फत येणारी पगारी सेविका आठवड्यातून एक दिवस परवडेल का, याचा हिशेबही त्याच कागदावर मांडतो. ठाण्याहून रोज सुविचार पाठवणाऱ्या दिरांना डायपरचा महिन्याचा खर्च उचलायला सांगण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

आत्मकरुणा म्हणजे स्वतःला गोड बोलणे, असे समजणे

स्मृतिभ्रंशाच्या अनेक शुभार्थींची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. स्वतःच्याच घरात बसलेली आई "मला घरी सोड, आई वाट बघत असेल" असे पुन्हा पुन्हा म्हणत राहते, दाराची कडी चाचपते, आणि कितव्यांदा तरी तेच ऐकून मुलगा तिच्यावर ओरडतो. ती दचकून गप्प होते. मग रात्री तो मोबाइलवरचे एखादे ध्यान लावून 'मी चांगला आहे, मी शांत आहे' असे घोकतो आणि ते खोटे असल्याचे मनाला ठाऊक असल्यामुळे त्याला अधिकच अपराधी वाटते.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी एकत्र आहेत : जे वाटते आहे त्याची सजग जाणीव, हे दुःख माणसामाणसांत सामायिक असल्याचे भान आणि स्वतःशी ममतेची वागणूक. यांपैकी पहिली गाळून थेट तिसरीवर उडी मारण्याचा शॉर्टकट चालत नाही. आधी 'मी आईवर ओरडलो, मला लाज वाटते आहे आणि मी दमलो आहे' हे जसे आहे तसे स्वतःशी म्हणावे लागते. त्यानंतर, याच तिन्हीसांजेला किती घरांत हेच घडत असेल हे आठवावे. ममता सर्वांत शेवटी, आणि तीसुद्धा आपल्याच घरच्या भाषेत. पाठ केलेल्या पुस्तकी वाक्यांपेक्षा, लहानपणी आजी जे म्हणायची त्या "असू दे रे बाळा, बस जरा" ने माणसांचे डोळे भरून येताना मी पाहिले आहे.

डोळे भरून आले म्हणून सराव चुकला असे मात्र समजू नये. वर्षानुवर्षे स्वतःकडे न पाहिलेल्या माणसाने स्वतःशी मायेने बोलायला सुरुवात केली की आधी साचलेले दुःख वर येते. तेवढ्यावर थांबावे, चहा करून प्यावा, उरलेले दुसऱ्या दिवशी. आणि आईची माफी मागायची असेल तर लगेच मागावी. तिला शब्द उमगले नाहीत तरी आवाजातला मऊपणा उमगतो.

आणखी काही, थोडक्यात

दोन्ही कानांत हेडफोन घालून ध्यान करू नका. शुभार्थीची हाक ऐकू येणार नाही, आणि ती येणार नाही या धास्तीने ध्यानही होणार नाही.

सराव केल्यावर शांत वाटलेच पाहिजे असा हट्ट धरू नका. चिडचिड लक्षात आली, तरी सराव झाला.

ध्यानाच्या ॲपमधली सलग दिवसांची साखळी बंद करून ठेवा. तुमच्या घरात एक ताप आला की ती तुटणार आहे.

शुभंकर बाईला सावित्री आणि मुलाला श्रावणबाळ म्हणू नका. असे नाव एकदा चिकटले की 'मला आता होत नाही' हे म्हणायची सोय उरत नाही.

आठवडेच्या आठवडे झोप नसणे, स्वतःला किंवा शुभार्थीला इजा करण्याचे विचार येणे, याला सजगता हा उपाय नाही. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक सत्रात फळ्यावर लिहावा.

स्वयंसेवकांची स्वतःची चूक

दुसऱ्याचे दुःख जितके अंगाला लावून घेऊ तितकी सेवा खरी, असे मानणारे स्वयंसेवक मी एकामागून एक गळताना पाहिले आहेत. मेंदू आणि भावनांचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे आढळले की, दुसऱ्याच्या वेदनेशी केवळ समरस होण्याचे प्रशिक्षण घेतल्यावर लोकांच्या मनातल्या त्रासदायक भावना वाढल्या, आणि त्याच लोकांना करुणेचे प्रशिक्षण दिल्यावर त्या पुन्हा कमी झाल्या. म्हणून गृहभेटीत ऐकताना मी माझे तळपाय जमिनीवर असल्याची आठवण ठेवते, आणि भेट संपल्यावर हात धुताना त्या घरासाठी एक सदिच्छा मनात म्हणून मगच बाहेर पडते.

रात्री अकराला आलेल्या प्रत्येक संदेशाला लगेच उत्तर देण्याची सवयही सोडा. गटाच्या फोनची वेळ ठरवा, ती सर्वांना सांगा, आणि त्या वेळेबाहेर कोणाला फोन करायचा, त्या माणसाचे नाव आणि १४४१६ हा क्रमांक, दोन्ही गटाच्या माहितीत कायम दिसतील असे लिहून ठेवा.