अमेरिकेत बिझनेस डिग्री: इन-स्टेट की आउट-ऑफ-स्टेट? या चुका टाळा

मार्च संपत आला की इथल्या मराठी ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "लेकीला आपल्या न्यू जर्सीचं रटगर्स मिळालंय आणि इंडियाना युनिव्हर्सिटीचं केली बिझनेस स्कूलपण, काय करू?" आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं की पहिलं वर्ष आउट-ऑफ-स्टेट, म्हणजे दुसऱ्या स्टेटमधून आलेल्यांची जास्तीची फी भरा, वर्षभर तिथं राहिली की इन-स्टेट, म्हणजे तिथल्याच रहिवाशांची कमी फी लागू होईल. नाही होत हो! बॅचलर्सच्या मुलांची रेसिडेन्सी, म्हणजे ती कुठल्या स्टेटची रहिवासी, हे सहसा आईवडील कुठं राहतात त्यावरून धरतात, आणि नुसतं शिकायला म्हणून काढलेलं वर्ष बहुतेक स्टेट्स मोजतच नाहीत. कॅलिफोर्नियात तर ३६६ दिवस राहणं ही फक्त एक अट, वर मुलगी स्वतःच्या पैशांवर उभी आहे हेही दाखवावं लागतं, आणि न्यू जर्सीत बसून तुम्ही तिला टॅक्समध्ये डिपेंडंट दाखवताय, मग कसं जमायचं? यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, बाहेरच्यांना वर्षाला ३० हजार डॉलरहून जास्त वरचे पडतात, तेव्हा चारही वर्षं आउट-ऑफ-स्टेटच धरून हिशोब करा.

दुसरी चूक म्हणजे अ‍ॅडमिशनचं पत्र आलं की लगेच पेढे. युनिव्हर्सिटीत झालं म्हणजे बिझनेस स्कूलमध्ये झालं असं नसतं. टेक्सासमध्ये टॉप रँकवाल्यांना यूटी ऑस्टिनला ऑटोमॅटिक प्रवेश आहे, पण तिथल्या मॅककॉम्ब्स बिझनेस स्कूलची गॅरंटी त्यात नाही. पोर्टलवर मेजरच्या ओळीत काय लिहिलंय ते नीट वाचा, "प्री-बिझनेस" असेल तर पुढे मार्क दाखवून परत अर्ज करावा लागतो आणि तेव्हा नाही मिळालं तर बाहेरची फी भरून भलतंच काहीतरी शिकत बसायचं. इन-स्टेटला डायरेक्ट अ‍ॅडमिट (थेट बिझनेस स्कूलमध्येच प्रवेश) आणि बाहेर प्री-बिझनेस असेल तर माझ्या मते विचारसुद्धा करू नका.

फीचा आकडा नेहमी पहिल्या वर्षाचा बघतात लोक. मिशिगनला वरच्या वर्षांची फी जास्त असते, इलिनॉयच्या गीस बिझनेस स्कूलमध्ये बिझनेसची ट्यूशनच इतर मेजर्सपेक्षा महाग आहे. एड लेटरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या पत्रात, स्कॉलरशिपच्या खालीच लोन टाकून एकच मोठी बेरीज दाखवलेली असते, त्यातलं लोन पेनाने खोडा आणि मग बघा किती उरतं ते. स्कॉलरशिप टिकवायला जीपीए किती लागतो तेही विचारा, कारण बिझनेस स्कूलमध्ये बरेच कोर्स कर्व्हवर असतात, म्हणजे ग्रेड वर्गातल्या इतरांशी तुलना करून देतात.

उलट काही जण बाहेरचं म्हणजे महागच म्हणून बघतच नाहीत. पश्चिमेकडच्या स्टेट्समध्ये आपापसात डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज) नावाची सोय आहे, त्यात इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट ट्यूशन लागते, पण बिझनेस मेजर त्यात बसतो का ते त्या कॉलेजलाच विचारा. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटीत किमान १,००० डॉलरची कॉम्पिटिटिव्ह स्कॉलरशिप मिळाली तर इन-स्टेट दर लागू शकतो, यूटी डॅलसच्या जिंदाल बिझनेस स्कूलला अर्ज करत असाल तर हे लक्षात ठेवा.

आणि रँकिंगचं वेड जरा कमी करा. इन्व्हेस्टमेंट बँकिंगच करायचंय तर केली किंवा मिशिगनच्या रॉस बिझनेस स्कूलसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे, तिथं त्या बँका भरतीला स्वतः येतात. पण अकाउंटिंग करून सीपीए (अमेरिकेतला सीए) व्हायचंय तर बिग फोर, म्हणजे अकाउंटिंगच्या चार बड्या कंपन्या, घरच्या स्टेट युनिव्हर्सिटीतूनही भरपूर मुलं उचलतात, आणि रटगर्सच्या नेवार्क कॅम्पसवरून मॅनहॅटन ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत आहे.

एच-४ वाल्यांनी (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मात्र जास्त सावध राहा. एच-४ वर कित्येक स्टेट्समध्ये इन-स्टेट दर मिळतो, पण फेडरल एड नाही. आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असतानाच मूल २१ चं झालं तर एच-४ जातं, एफ-१ हा स्टुडंट व्हिसा घ्यावा लागतो, आणि मग डिग्रीच्या मधेच फीचा दर बदलू शकतो. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, त्यामुळे १ मेच्या आधी, डिपॉझिट भरायच्या आत, रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून व्हिसा आणि मुलाची जन्मतारीख सांगा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर "हो हो, होईल" म्हणाले तरी थांबा.