नॉकआउटचा ड्रॉ लावताय? सीडिंग आणि बाय आधी समजून घ्या

नॉकआउट म्हणजे हरला की बाहेर, एवढं सगळ्यांना माहितीये, पण कोरा कागद घेऊन ड्रॉ लावायला बसलं की कोणाला कोणाशी भिडवायचं इथेच गाडी अडते. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर सगळ्यात तगड्या दोन टीम पहिल्याच राउंडला समोरासमोर येऊ शकतात, मग एक लगेच घरी आणि फायनलमधली मजाच गेली. म्हणून सीडिंग, पेपरात ज्याला मानांकन म्हणतात ना तेच. आधीच्या कामगिरीवरून नंबर द्यायचे, सगळ्यात भारी तो 1.

आता कागदावर पहिल्या राउंडपासून सुरू करू नका, फायनलपासून मागे या. फायनलला 1 आणि 2, म्हणजे एक वरच्या हाफमधे, दुसरा खालच्या. सेमीला चार जण, तर प्रत्येक जोडीची बेरीज 5 यायला हवी, 1-4 आणि 2-3. आठ जणांना बेरीज 9: वर 1-8, 4-5, खाली 2-7, 3-6. सोळा जणांना 17. दर वेळी आकड्यात एक मिळवायचा बस, पाठ काहीच करावं लागत नाही.

खरा घोळ होतो तो टीम 8 किंवा 16 नसल्या की. समजा 11 आल्या. दुपटीने जाणाऱ्या 2, 4, 8, 16 मधला 11 च्या पुढचा आकडा 16, त्यातून 11 गेले, उरले 5, म्हणजे 5 बाय, बाय म्हणजे पहिला राउंड न खेळताच थेट पुढे. हे बाय 1 ते 5 नंबरलाच द्यायचे, उशिरा आलेल्या टीमला किंवा ओळखीच्यांना नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो. कारण बेरीज 17 धरली तर 1 समोर 16, 2 समोर 15, असं 5 समोर 12 पर्यंत, आणि 12 ते 16 तर आलेलेच नाहीत! मग पहिल्या राउंडला फक्त 8-9, 7-10, 6-11 अशा तीन मॅच, तीन जिंकणारे अधिक पाच बायवाले, झाले आठ. बाय पहिल्या राउंडलाच संपवा, पुढे ढकलले तर सेमीला तीनच टीम उरतात आणि भांडणं होतात.

एकूण मॅच किती? टीममधून एक वजा. प्रत्येक मॅचला एकच बाहेर जातो, म्हणून 11 ला 10.

टेनिसच्या ग्रँडस्लॅममधे 128 खेळाडू असतात पण मानांकन फक्त 32 जणांना, बाकीचे चिठ्ठीने. 3 आणि 4 नंबर कुठल्या हाफमधे जाणार हेही तिथे चिठ्ठीनेच ठरतं, त्यामुळे 1 ला सेमीत 4 च मिळेल असं नाही. 2001 ला विम्बल्डन जिंकलेला गोरान इवानिसेविच तर बिगरमानांकित होता, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी खास दिलेल्या प्रवेशावर आलेला.

असा उलटफेर झाला तरी ड्रॉ हलवायचा नाही, 9 ने 1 ला हरवलं तर पुढे 1 चाच रस्ता 9 चा. दर राउंडनंतर पुन्हा जोड्या लावायच्या असतील, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधे लावतात तशा, तर ते पहिल्या मॅचच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.