एक्झॉस्टची गळती आणि परत परत लागणारा चेक इंजिनचा दिवा

स्कॅनरवर पी ०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त) हा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर गेला असे धरून नवा सेन्सर बसवला जातो आणि चार दिवसांनी तोच पिवळा दिवा पुन्हा लागतो. माझ्या स्वतःच्या पेट्रोल गाडीबाबत हेच घडले. नवा सेन्सर बसवून झाल्यावर दोष सापडला तो इंजिनाकडून धूर आणणाऱ्या बेंड पाइपच्या सांध्यातल्या, जळून चिरलेल्या एका गोल पॅकिंगमध्ये. जुना सेन्सर खोटे सांगत नव्हता. त्याच्यापर्यंत जी हवा पोहोचत होती, ती इंजिनातून आलेली नव्हती, एवढेच.

एक्झॉस्टमधला वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तर प्रत्येक सिलिंडरमागे एकेक धक्क्याने बाहेर पडतो. धक्का आला की फटीतून धूर बाहेर जातो; मात्र दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, तर त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट पुढच्या, म्हणजे इंजिनाजवळच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर त्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे असा अर्थ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, काढतो आणि १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण साधण्यासाठी गरज नसताना पेट्रोल वाढवतो. फट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आसपास, मागच्या सेन्सरजवळ असेल तर कन्व्हर्टर धड असूनही तो नीट काम करत नसल्याचा पी ०४२० हा कोड येऊ शकतो. मागच्या सेन्सरनंतर, शेवटच्या सायलेन्सरला पडलेल्या भोकाने आवाज वाढतो, पण दिवा सहसा लागत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाज जिथून येतो तिथेच दोष आहे, असे मानू नये.

शोध सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावा. पहिल्या एक-दोन मिनिटांत बॉनेटखालून टिक-टिक असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो विरत असेल, तर मॅनिफोल्डच्या (सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या, इंजिनाला जोडलेल्या भागाच्या) गॅस्केटवर, म्हणजे पॅकिंगवर, संशय घ्यावा, कारण धातू प्रसरण पावला की बारीक फट आपोआप मिटते. त्यानंतर इंजिन बंद करून, गाडी सपाट जागेवर घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवून (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये) टॉर्चच्या उजेडात प्रत्येक सांधा पाहावा. गळती असेल तिथे पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी दिसते आणि बोट फिरवल्यास ती बोटाला लागते. नुसता तांबूस गंज म्हणजे गळती नव्हे.

काजळी सापडली नाही, तर व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू टेलपाइपला कापडाने घट्ट बसवावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. फट असेल तिथे बुडबुडे येतात. ही चाचणी इंजिन बंद आणि पाइप थंड असतानाच करावी. इंजिन चालू ठेवून काही तपासायचे असेल तर गाडी मोकळ्या जागेत घ्यावी, कारण बंद पार्किंगमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इथे एक गोष्ट विसरू नये. पी ०१७१ हा कोड एअर फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या फाटलेल्या होजमुळे किंवा कमजोर फ्युएल पंपामुळेही येतो, म्हणून एक्झॉस्टमध्ये गळती निघाली नाही, तर तिकडे वळावे.

दुरुस्ती कोणती करायची, हे फटीच्या जागेवर ठरते. सांध्यातले पॅकिंग जळले असेल तर नवेच घालावे. जुने पॅकिंग सीलंट फासून पुन्हा वापरणे म्हणजे महिन्याभरात तेच काम पुन्हा ओढवून घेणे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे, कारण मॅनिफोल्डचा स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला की अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. मॅनिफोल्ड बसवताना नट मधून कडांकडे, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावेत. जाळीचा फ्लेक्स पाइप फाटला असेल तर जाळीवर वेल्डिंग टिकत नाही. तो तुकडा कापून नवा जोडावा लागतो. सरळ पाइपवरची चीर मात्र चांगला वेल्डर सहज भरतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा, म्हणजे ईसीयूचा धोका कमी होतो. नळाला लावतो ती पुट्टी इथे चालत नाही, ती पहिल्याच फेरीत जळते. सेन्सरच्या आधीच्या भागात साधे सिलिकॉन सीलंटही वापरू नये, त्याच्या वाफांनी सेन्सर निकामी होतो.

काम झाल्यावर स्कॅनरने कोड पुसावा आणि शहरातली रहदारी व मोकळा रस्ता अशा दोन्ही ठिकाणी दोन-तीन दिवस गाडी चालवून स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल सतत किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) पाहावा. तो आधी वाढलेला असेल तर आता शून्याच्या जवळ आला पाहिजे. माझ्या गाडीत तो उतरला तेव्हा काढून ठेवलेला जुना सेन्सर सहज म्हणून परत बसवून पाहिला; दिवा लागला नाही, आणि नवा सेन्सर अजून डिकीत पडून आहे.